गोपिकाबाईंची खोली : मुक्कामाला येण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात यात्रेकरूंना उतरायला सहा खोल्या आहेत. पाचांना आकडे आहेत, सहावीला नाव आहे. फोनवर भाड्याची चौकशी दोन मिनिटांत उरकते आणि मग त्या नावाबद्दल विचारणा सुरू होते. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून ती एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. खोलीची माहिती आणि बाईंची माहिती एकमेकींत मिसळली आहे, कारण लोक विचारतातही तशीच.

या गोपिकाबाई म्हणजे नेमक्या कोण?

नानासाहेब पेशव्यांची पत्नी. माहेर वाईचे रास्ते, वडील भिकाजी नाईक. जन्म १७२४ चा आणि लग्न १७३० चं, म्हणजे पुरती सहा वर्षांचीही नसेल. १७४० मध्ये नानासाहेब पेशवे झाले आणि ही शनिवारवाड्याची मालकीण झाली.

मोठे झालेले मुलगे तीन. विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर नानासाहेब गेले. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले, वय सत्तावीस. त्यानंतर वर्षही भरलं नव्हतं, ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला, वय अठरा. हे सगळं बघून ही बाई १७८८ पर्यंत जगली, आणि शेवटचा मोठा काळ इथे, नाशिकच्या परिसरात गंगेकाठी राहिली. (नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात.)

त्या या खोलीत राहिल्या होत्या का?

नाही.

हे ठळक लिहायचं कारण असं की घाटावरचे काही रिक्षावाले आणि हौशी गाईड पाहुण्यांना बिनदिक्कत सांगतात, इथेच पेशवीणबाई राहायच्या, याच खिडकीतून गंगा बघायच्या. खिडकीतून गंगा दिसत नाही. शेजारच्या वाड्याची कौलं आणि एक शेवग्याचं झाड दिसतं. बाईंचा मुक्काम गावाच्या पश्चिमेला गंगापूरला होता. आमचा वाडा त्यांच्यानंतरचा आहे.

मग त्यांचं नाव का दिलं?

नाव माझ्या आजेसासूबाईंनी दिलं. त्या काळी आमच्याकडे पाटी वगैरे प्रकार नव्हता. उपाध्यायांकडे आलेला यजमान रात्रीपुरता टेकायचा, सकाळी गंगेवर जायचा, जाताना देवापुढे जमेल ते ठेवायचा. येणाऱ्यांत बायका खूप असत आणि त्यांचा सारा दिवस घाटाच्या पायऱ्यांवर जाई. आजेसासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. हे लोक ज्या पाण्यासाठी आपल्याकडे येतात, त्या पाण्यापर्यंत पोचायची वाट ज्यांनी नीट केली, त्यांतल्या एका तरी बाईचं नाव घरात असावं. पुरुषांची नावं देवळांच्या शिलालेखांवर आहेतच.

गंगेतलं स्नानाचं कुंड, म्हणजे रामकुंड, १६९६ मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं. साधारण २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशा या कुंडाची पुढे गोपिकाबाईंनी दुरुस्ती करवली. नव्याने देऊळ बांधणाऱ्याचं नाव राहतं, दुसऱ्याने बांधलेलं डागडुजी करून वापरात ठेवणाऱ्याचं सहसा राहत नाही. जुनं घर सांभाळणाऱ्या माणसाला यातली बोच जरा जास्त कळते. आमच्याकडे दर पावसाळ्याआधी कौलं चाळावी लागतात, त्याचा शिलालेख कोणी लावत नाही.

दारावरची लाकडी पाटी अजून तीच आहे. गल्लीतल्या पेंटरने ‘बा’चा काना एवढा लांब ओढलाय की तो खालच्या चौकटीला टेकतो. पाटी बदला म्हणून सुचवणारे येतात. बदलणार नाही.

ध चा मा केला तो यांनीच ना?

नव्हे! तो आरोप आनंदीबाईंवर आहे. आनंदीबाई म्हणजे राघोबादादांची बायको, गोपिकाबाईंची धाकटी जाऊ. ज्या नारायणरावांच्या बाबतीत तो आरोप होतो, ते गोपिकाबाईंचे पोटचे पोर. या दोघींत गल्लत केली की आमच्याकडे चहा उशिरा मिळतो.

गंमत म्हणावी की दैव, दोघींचा शेवट एकाच नदीच्या काठावर झाला. गोपिकाबाईंचं गंगापूर आणि आनंदीबाईंची आनंदवल्ली ही एकाच रस्त्यावरची, काही किलोमीटरच्या अंतरावरची ठिकाणं. आनंदवल्लीचं पूर्वीचं नाव चौंढस. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि बायकोच्या नावावरून गावाला नाव पडलं. तिथला नवश्या गणपतीही याच जोडप्याच्या नावाने सांगतात. आनंदीबाई १७९४ मध्ये आनंदवल्लीतच वारल्या. आज गंगापूर रोडवर कॉलेजं, कॅफे आणि सोसायट्या आहेत, सिग्नलला गाडी थांबली की मला कधी कधी या दोघी जावा आठवतात.

पुणं सोडून त्या नाशिकला का आल्या?

गोष्टीत सांगतात ते असं. माधवरावांनी कारभारातल्या चुकीबद्दल आपल्या मामालाच, म्हणजे रास्त्यांना, दंड केला. आई भावासाठी मध्ये पडली. मुलाने दंड माफ केला नाही. आई रागाने पुणं सोडून गंगापूरला आली.

गोष्ट खरी धरली तरी एका दंडाने एवढं तुटत नाही. माधवराव गादीवर बसले तेव्हा सोळा वर्षांचे होते. कारभार कोणी बघायचा यावरून काका राघोबादादा एकीकडे आणि आई दुसरीकडे. पोरगा हाताशी धरून राज्य चालवू असं दोघांनाही वाटलं असणार, आणि पोरगा दोघांच्याही हाताखाली राहणारा निघाला नाही. काकाशी तर शेवटी लढाईच झाली, तीही आपल्याच जिल्ह्यात, १७६८ मध्ये धोडपला. आईशी लढाई करता येत नाही. आई निघून आली.

ज्यांना सासू-सून किंवा आई-मुलगा या विषयात रस आहे, त्यांनी संध्याकाळी ओसरीवर बसावं. आमच्याकडे या वादाचे दोन पक्ष आहेत, मी आईच्या बाजूची नाही.

त्या नाशकात भीक मागत असत हे खरं का?

तशी कथा पूर्वापार आहे. नारायणरावांच्या खुनानंतर त्यांनी हाती वाडगा घेतला, सरदार घराण्यातल्या बायकांकडूनच भिक्षा घ्यायची असा नेम ठेवला, आनंदीबाईंची भिक्षा मात्र नाकारली, आणि त्यांच्या पश्चात साठलेल्या त्या पैशातून गंगेवर घाट बांधला गेला, अशी ती कथा. रकमेचा आकडाही लोक छातीठोक सांगतात. तो मी इथे देत नाही, कारण आकडा ऐकला की माणसं कथा विसरतात.

माझं मत विचाराल तर यातला वाडगा खरा असो वा नसो, त्यामागचा स्वभाव खरा वाटतो. पेशव्यांच्या घरच्या विधवेला नेमणूक असे, पोटापाण्याची ददात नव्हती. तेव्हा भिक्षा मागितली असेल तर ती व्रत म्हणून, किंवा सरळ सांगायचं तर मराठी राज्याच्या दारोदार जाऊन माझ्या पोराचं काय केलंत हे न बोलता विचारण्यासाठी. धाकट्या जावेचं दान नाकारण्याचा तपशील त्यात नेमका बसतो.

स्वभावाने कडक, संशयी, हट्टी असं वाचलंय. अशा बाईचं नाव कशाला?

तुम्ही बरोबर वाचलंय. सोवळंओवळं कडक, जिभेला धार, माणसांवर विश्वास कमी. पानिपताची बातमी यायच्या आधीच नवऱ्याने पैठणला दुसरं लग्न केलं होतं, तेही नजरेआड करून चालणार नाही. विश्वास ठेवावा असं तिच्या आयुष्यात फारसं कोणी उरलंच नाही.

एक नातू उरला होता. नारायणरावांच्या मागे जन्मलेला, १७७४ चा, सवाई माधवराव. या नातवासाठी आजीने वागणुकीची कलमं लिहून दिली. पहाटे उठण्यापासून मोठ्यांशी आणि चाकरांशी कसं वागावं इथपर्यंत सगळं. तो कागद वाचताना लाड कुठे सापडत नाहीत, काळजी मात्र ओळीओळीला दिसते. आमच्या घरात असल्या आज्या होऊन गेल्यात, बहुधा तुमच्याही.

आणि दानशूर म्हटलं की गोडच बाई हवी, हा हट्ट का? कुंडाची पायरी तुटलेली असली की म्हातारं माणूस घसरतं. पायरी दुरुस्त करणाऱ्याचा स्वभाव कसा होता हे पायाला कळत नाही.

अहिल्याबाई होळकरांचं नाव का नाही दिलं? त्यांनी तर देशभर घाट बांधले.

हा प्रश्न इंदूरचे पाहुणे हमखास विचारतात, आणि त्यांचा मान ठेवून सांगते की अहिल्याबाईंना आमच्या एका खोलीची गरज नाही. त्यांच्या नावाने विमानतळ आहे, विद्यापीठ आहे, आता जिल्हाही आहे. नाशिक जिल्ह्यातच चांदवडला होळकरांचा रंगमहाल उभा आहे, तिथे जरूर जा, लाकूडकाम आणि भित्तिचित्रं बघण्यासारखी आहेत.

पण या दोघींचा विचार एकत्र करून बघा. अहिल्याबाई १७२५ च्या, गोपिकाबाई १७२४ च्या. एकीचा नवरा १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफगोळ्याने गेला, मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. दुसरीचं वर सांगितलंच. दोघीही पुत्रवियोग भोगलेल्या, दोघीही धर्मकार्यात पैसा घातलेल्या. अहिल्याबाईंना सासऱ्याने कारभार शिकवला आणि नंतर तो त्यांच्या हाती आला, त्यांनी तो अठ्ठावीस वर्षं उत्तम केला. गोपिकाबाईंना कारभार हवा होता आणि मिळाला नाही. मिळायला हवा होता की नाही, हा प्रश्न वेगळा. एक लोकमाता झाली आणि दुसरीचं नाव कादंबऱ्यांत खाष्ट आई म्हणून येतं. आमची खोली दुसरीच्या वाट्याला आली.

काळारामाचं देऊळही त्यांनीच बांधलं ना?

बांधलं सरदार रंगराव ओढेकरांनी, अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, रामशेजच्या काळ्या दगडात. त्यांना देवळासाठी प्रवृत्त केलं ते गोपिकाबाईंनी, अशी परंपरा सांगितली जाते. त्याच्या पलीकडे मी काही म्हणणार नाही.

त्या देवळात जाल तेव्हा पूर्वेच्या महाद्वाराशी दोन मिनिटं थांबा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने चालवला. देवळाला कोणी पैसे दिले हा प्रश्न विचारणाऱ्याने, आत कोणाला जाऊ दिलं जात नव्हतं, हाही विचारावा.

खोली कशी आहे? फोटोत अंधारी वाटते.

अंधारी आहे. भिंती हातभर जाड, खिडकी एकच, गजांची. वाड्याचं माप जुने लोक खणात सांगतात, त्या हिशेबाने ही दोन खणांची खोली. वर सागाची तक्तपोशी, भिंतीत तीन कोनाडे आणि एक फडताळ. दार ठेंगणं आहे, उंच माणसाने वाकून यावं. दोन-चार जणांचं डोकं दर मोसमात आपटतंच, म्हणून आता चौकटीवर जाड कापड गुंडाळलंय. ते सजावटीचं नाही, कृपया काढू नका.

मधल्या कोनाड्याच्या कमानीला काळी झाक दिसेल. ती पणतीची काजळी आहे. मागे चुना काढला तेव्हा तेवढा भाग तसाच ठेवायला गवंड्याला सांगितलं होतं. त्याने तीनतीनदा विचारलं, ताई, नक्की पुसू नको ना? कोनाड्यात बोट फिरवलंत तर अजून काळं होतं, तेव्हा पांढऱ्या कपड्यांवर असताना मोह आवरा.

दाराला आतून कडी आहे आणि जुना अडसरही आहे. अडसर भिंतीतल्या भोकातून ओढून घ्यायचा असतो. लहान मुलं तो ओढून आत अडकून बसतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

भिंतीला टेकून बसलात की पाठीला पांढरं लागतं. माती आणि चुन्याची भिंत आहे, दमट दिवसांत पोपडे सुटतात. याची तक्रार लेखी आली तरी आमच्याकडे उपाय नाही.

एसी, टीव्ही, वायफाय?

एसी नाही. मे महिन्यात दुपारी खोलीत येऊन बसा, मग बोलू. पंखा आहे, वायफाय ओसरीपर्यंत येतं, टीव्ही नाही. गरम पाणी गीझरचं, पहाटे साडेचारपासून. न्हाणीघर आणि संडास खोलीला लागून, पूर्वीच्या मोरीची जागा वाढवून नवे केलेले आहेत, कमोड आहे.

वयस्कर माणसांना जमेल का?

गोपिकाबाईंची खोली माडीवर आहे आणि जिना जुना, उभा, दोराला धरून चढायचा. गुडघे दुखत असतील तर तिचा आग्रह धरू नका. खाली चौकाला लागून दोन क्रमांकाची खोली घ्या, भाडं तेवढंच आहे. रामकुंड चालत जवळ आहे, पण गल्लीत गाडी येत नाही. व्हीलचेअर लागत असेल तर आधी कळवा, चौकाच्या दिंडी दरवाजाला उंबरा आहे, त्यावर टाकायला फळी आहे.

आम्ही अस्थी घेऊन येणार आहोत. चालेल का?

चालेल, आणि हे विचारताना संकोच करू नका. नाशकात येणाऱ्या माणसांपैकी कितीतरी याच कामासाठी येतात. गोदावरी रामकुंडाशी दक्षिणेकडे वळते, तिथे अरुणा नदी तिला मिळते असं मानतात, आणि कुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा असल्याने जागेला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. काही लॉजवाले कलश आहे म्हटल्यावर खोली शिल्लक नाही म्हणतात. आमच्याकडे चौकात तुळशीवृंदावनाशेजारी कलश ठेवायला वेगळा कट्टा आहे. सुतकातल्या माणसांना आमच्याकडे वेगळी वागणूक नाही. दहाव्याला आलेल्यांचा चहा, अंघोळीचं पाणी, साधं जेवण यांची सोय विचारायच्या आधी होते. रडायला जागा हवी असते, ती ओसरी देते.

विधीसाठी उपाध्याय आम्ही सुचवत नाही. तुमच्या गावाचे आणि कुळाचे क्षेत्रोपाध्ये कोण हे घाटावर विचारलं की कळतं. त्यांच्याकडच्या वह्यांत तुमच्या आज्या-पणज्यांची नावं, कोण कधी आलं, कशासाठी आलं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. आडनाव, मूळ गाव आणि आजोबांचं नाव लिहून आणा. वही उघडल्यावर पणजोबांची मोडी सही समोर आली की मोठमोठी माणसं गप्प होतात. तुमचीही नोंद करून घ्या, आणि एक आगाऊ सूचना, घरातल्या बायकांची आणि मुलींची नावं घालायला आवर्जून सांगा. जुन्या पानांवर ती शोधावी लागतात.

पावसाळ्यात यावं का? पुराची भीती असते ना?

या, पण गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय त्याची बातमी बघून या. नाशिककर पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीवर. रामकुंडाजवळ पात्रात उभी असलेली ही मूर्ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी गावभर फिरते. छातीला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २००८ च्या सप्टेंबरात मारुती पुरता बुडाला होता. जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ चं. त्याच्या दर्शनी भागात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिच्यापर्यंत पाणी चढणं ही जुन्या लोकांची महापुराची खूण.

आमचा वाडा उंचावर आहे. पाणी आलंच तर खालच्या गल्लीपर्यंत येतं. मात्र पूर असताना घाटावर सेल्फी काढायला जाणार असाल तर कृपया दुसरीकडे उतरा. आम्हाला तुमच्या घरी फोन करायची वेळ यायला नको.

बाईंच्या काळचं आज प्रत्यक्ष काय बघायला मिळेल?

अपेक्षा बेताची ठेवा. रामकुंडाला त्यानंतर इतके हात लागलेत की हा दगड त्यांच्या वेळचा असं बोट ठेवून सांगणं अवघड आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने घाट रुंदावले, कुंडांच्या तळांना काँक्रीट झालं, पुढे ते काढावं म्हणून नाशिककरांनीच लढा दिला. तळाला सिमेंट ओतलं की खालचे जिवंत झरे बंद होतात, नदी मग टाकीसारखी भरावी आणि रिकामी करावी लागते. गोपिकाबाईंच्या दुरुस्तीत दगड होता आणि दगडाच्या सांध्यातून पाणी यायला वाट होती. दुरुस्ती कशी करू नये हे बघायचं असेल तर उन्हाळ्यात कुंड रिकामं केलेलं असताना जाऊन या.

पहाटे सहाच्या आत घाटावर जा. फुलवाल्या बायका टोपल्या मांडत असतात, गर्दी नसते, पायऱ्यांची उतरण नीट दिसते. मग उलटं चालत नारोशंकर, पूल ओलांडून सुंदरनारायण, हे देऊळ १७५६ चं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं, आणि पुढे सरकारवाडा. पेशव्यांच्या कारभाराची ही जागा, काळ्या दगडाच्या पायऱ्यांवरून वर बघा, लाकडी खांबांवरची नक्षी सुरेख आहे. दुपारनंतर गंगापूरच्या बाजूला जायचं असेल तर सोमेश्वरला उतरा, तिथला धबधबा पावसाळ्यात बघावा. रिक्षावाल्याला परतीचं ‘गंगेवर’ म्हणा, तो रामकुंडाशी आणून सोडेल.

खोलीत काही… जाणवतं का? म्हणजे रात्री?

जाणवतं. वटवाघळं, पाली, आणि पहाटे काकड आरतीच्या घंटा. नारायणरावांचं ‘काका मला वाचवा’ ऐकायचं असेल तर पुण्याला जा, त्याचं कंत्राट शनिवारवाड्याकडे आहे.

प्री-वेडिंग शूटसाठी खोली मिळेल का?

नाही. चौक मिळेल, आणि तोही दशक्रियेला आलेली मंडळी घरात नसतील तेव्हाच.

जेवणाचं काय?

सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी वरणभात, पोळी, एक भाजी, एक कोशिंबीर. आधी सांगितलं तर थालीपीठ. कांदा-लसूण न घालता हवं असेल तर आदल्या रात्री सांगा. मिसळ आम्ही करत नाही, नाशकात येऊन घरची मिसळ खाणं हा गुन्हा आहे. काळ्या मसाल्याची, पापड-दह्याबरोबर मिळणारी मिसळ कुठली चांगली यावर घरात एकमत नाही, त्यामुळे नाव सांगत नाही.

रंगपंचमीला यायचंय. रहाडी जवळ आहेत का?

नदी ओलांडून जुन्या गावात तिवंधा, दिल्ली दरवाजा, आणि पंचवटीत शनी चौक. पेशवाईपासून चालत आलेले हे दगडी हौद वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडून पूजा होते आणि मग लोक रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. धप्पा मारून ओल्या अंगाने माडीवर येऊ नका, तक्तपोशीखालच्या गाद्या पांढऱ्या आहेत. चौकात नळ आहे, पाय आणि डोकं तिथे धुवा.

सिंहस्थात गोपिकाबाईंची खोली मिळेल का?

पैसे देऊन नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या स्नानांच्या दिवसांत ही एक खोली आम्ही भाड्याने देत नाही. २०१५ च्या सिंहस्थातही दिली नव्हती. एकट्या आलेल्या बायका, बहुतेक खेड्यातून, गटातून चुकलेल्या, कधी मुलांनी घाटावर आणून ठेवून गेलेल्या, अशांसाठी ती मोकळी असते. खाली सतरंज्या घालून आठजणी झोपतात. नोंद एका वहीत होते, नाव, गाव आणि घरच्या कोणाचा नंबर असेल तर तो. हा आजेसासूबाईंचा नियम आहे. हिशेबाने बघितलं तर त्या काही दिवसांत वर्षाचं भाडं निघालं असतं, हे आमचे हे दर सिंहस्थात एकदा बोलून दाखवतात आणि मग स्वतःच सतरंज्या झटकायला घेतात.

बाकी पाच खोल्यांची नोंद आधी येईल त्याला. उपाध्यायांच्या ओळखीने, आमदारांच्या चिठ्ठीने किंवा लांबच्या नात्याने क्रम बदलत नाही.

यायचं कसं, आणि किती वाजता?

नाशिकरोड स्टेशनपासून नऊ-दहा किलोमीटर. सिटी बस पंचवटी कारंजापर्यंत येते, तिथून चालत. स्वतःची गाडी असेल तर ती गल्लीबाहेर लावावी लागते, जागा मिळेलच असं नाही. दुपारी बारानंतर खोली मिळते, सकाळी दहाला सोडायची. पहाटे गंगेवर जाऊन यायचं असेल तर सामान ओसरीवर ठेवा, कुलूप लावायची गरज नाही, कोणीतरी बसलेलं असतंच. रात्री साडेदहानंतर येणार असाल तर कळवा. दिंडी दरवाजा आतून बंद असतो आणि घंटी बिघडलेली आहे, तेव्हा कडी वाजवा, जोरात वाजवा, सासूबाईंना कमी ऐकू येतं.